छत्री, लिफ्ट आणि दोन पेपर

सोमवार, ४ मार्च. संध्याकाळी ७
ऑफिसच्या लिफ्टमध्ये आज आम्ही सात जण पावणेदोन तास अडकलो. परिस्थिती मी हाताळली. घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, आधी हातपाय धू. आठवीतल्या कन्येने मोबाइलमधून मान वर केली नाही. पण तिला शाळेचा प्रोजेक्ट आहे: एकच बातमी दोन पेपरांत कशी येते, त्याची तुलना. शुक्रवारी पालकांसमोर वाचायचा. म्हटलं, हीच बातमी घे! शुक्रवारी कळेल तिला, बाप काय चीज आहे ते.

गोंधळ नको म्हणून मोठ्या पेपरला सविस्तर माहिती ईमेल केली. स्वतःचा उल्लेख 'एक ज्येष्ठ अधिकारी' असा केला. सीनियर क्लार्क म्हणजे तेच. छोट्या पेपरला मुद्दाम कळवलं नाही. तो मसाला लावतो. मी तो वाचत नाही, फक्त सलूनमध्ये चाळतो.

बुधवार, ६ मार्च. सकाळी ६.४०
मोठा पेपर, पान सात: 'ज्येष्ठ अधिकाऱ्याच्या प्रसंगावधानाने अनर्थ टळला'. खाली अकरा ओळी, शब्द न् शब्द माझा. याला म्हणतात निःपक्षपाती पत्रकारिता! कात्रण फ्रिजवर लावलं.

७.१०
छोटा पेपर. पहिलं पान. लाल अक्षरं: 'छत्रीवाल्या साहेबांनी लिफ्ट अडकवली, मग ढसाढसा रडले!'
साफ खोटं. दार बंद होताना मी फटीत छत्री घालतो, दार उघडतं, लेट मार्क वाचतो. नऊ वर्षांची पद्धत आहे. परवा छत्री आत अडकून वाकली, हा छत्री बनवणाऱ्याचा दोष. आणि रडलो नाही. पंख्याची धूळ डोळ्यांत गेली. लिफ्टमध्ये पंखा आहे ना, ते आज बघून ठेवतो.
निश्चय: असल्या पेपरकडे संपूर्ण दुर्लक्ष.

७.५०
छोट्या पेपरला चार पानी खुलासा पाठवला.

गुरुवार, ७ मार्च
पंखा नाही.
खुलासा छापून आला. चार पानांतून नेमकी एक ओळ उचलली: 'ढसाढसा नव्हे, थोडंसंच! छत्रीवाल्या साहेबांचा दावा'. ऑफिसात मी दिसलो की लिफ्टमन आता दार धरूनच उभा राहतो. टायपिस्टबाई सांगत होत्या, छोट्या पेपरची वार्ताहर मंगळवारी येऊन सगळ्यांशी बोलून गेली. मी तेव्हा कँटीनमध्ये होतो. मला कोणी बोलावलंसुद्धा नाही!

कन्येला म्हटलं, विषय बदल, पाणीटंचाई घे. नको म्हणाली. लिफ्टमधल्या बाकीच्या सहाही जणांना तिचे फोन करून झालेत. नंबर कोणी दिले? बायकोने. घरातच फितुरी.
असो. मोठा पेपर आपल्या बाजूने आहे. निष्कर्ष मीच लिहून तिच्या दप्तरात सरकवला.

शुक्रवार, ८ मार्च. दुपारी ४
इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बाकावर बसलो. कन्येने माझा निष्कर्ष वाचला नाही. स्वतःचा वाचला. म्हणे, छोट्या पेपरचा मथळा भडक आहे, पण त्याने सहा माणसांना विचारलं. मोठ्या पेपरची भाषा सभ्य आहे, पण त्याने एकाच माणसाचं ऐकलं, आणि तो माणूस स्वतःचंच कौतुक सांगत होता.

बाईंनी विचारलं, तो माणूस कोण? कन्या माझ्याकडे न बघता म्हणाली, माहिती देणाऱ्याचं नाव सांगायचं नसतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला तिचा अभिमान वाटत होता आणि बाकाखाली लपावंसंही वाटत होतं.

घरी येताना तिने विचारलं, बाबा, तू खरंच रडलास का? हो म्हणालो. फार घाबरलो होतो, आता काही घरी जात नाही असं वाटलं होतं. ती म्हणाली, हे मोठ्या पेपरला कळव.

५.३०
तिने लॅपटॉप उघडून समोर ठेवलाय आणि शेजारी खुर्ची घेऊन बसली आहे. 'माननीय संपादक' एवढं लिहून झालं.