होमोजनायझर, क्वार्टर आणि माझा शांत स्वभाव

३ ऑक्टोबर १९६६, तळोदा

नवी वही, नवा संकल्प. आजपासून राग बंद. तसा माझा स्वभाव मुळात शांतच. लोक शांत राहू देत नाहीत, हा प्रश्न वेगळा.

आज आमच्या केळी संशोधन केंद्रात मशीन आलं. अल्ट्रासॉनिक होमोजनायझर. परदेशी. केळीच्या रोगट पानाचा लगदा काचेच्या भांड्यात घ्यायचा, त्यात मशीनची सळई बुडवायची, बटण दाबायचं. सळई सेकंदाला वीस हजार वेळा थरथरते आणि पानाची पेशी न् पेशी फुटते. आतला रोग रसात उतरतो, रस तपासणीला पुण्याला जातो. सबंध खानदेशात असं मशीन दुसरं नाही. ते चालवू शकेल असा माणूसही दुसरा नाही.

ट्रकमधून उतरवताना आमच्या शिपायाने, उखाने, खोकं जमिनीवर टेकवलं. आपटलं नाही, पण टेकवलं. त्याला समजावून सांगितलं. समोरच्या कचेरीतले लोक बाहेर येऊन ऐकत उभे होते. विज्ञानाची गोडी वाढते आहे.

५ ऑक्टोबर

पुण्याच्या मुख्य कचेरीतल्या मोठ्या साहेबांचा निरोप. दिवाळीच्या आधी ते स्वतः येऊन मशीन पाहणार आणि त्याचा इन्चार्ज नेमणार. इन्चार्जला क्वार्टर. दोन खोल्या, मागे पडवी, अंगणात नळ.

इन्चार्ज कोण हे सांगायची गरज नाही. केंद्रात असिस्टंट दोनच. एक मी. दुसरा दलसिंग गिरासे, जो बोलतच नाही. न बोलणारा माणूस हाताखालच्यांकडून कामं कशी करून घेणार?

क्वार्टर मिळालं की सरला परत येईल. वैशाखात आखाजीला माहेरी गेली ती अजून ब्राह्मणपुरीलाच आहे. आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके घेतात, पंधरा दिवसांत सासरी येतात. हिचा दसरा जवळ आला. कारण उघड आहे. माझी भाड्याची एकच खोली आणि भिंतीला लागून तेलाचा घाणा. अशा जागेत कोणती बाई टिकेल? सासऱ्यांना निरोप धाडला की यंदाची दिवाळी सरकारी क्वार्टरमध्ये.

७ ऑक्टोबर, रात्री

मुंबईहून कंपनीचा इंजिनियर येऊन गेला. पोरगेलासा. मशीन जोडलं आणि ते कसं चालवायचं हे तासभर सांगितलं, म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. मधूनमधून मी त्याला बी.एस्सी.तला माझा नंबर आणि केंद्रात माझ्यावर होणारा अन्याय समजावून दिला. सळई नुसत्या हवेत चालवू नका, तळाला टेकवू नका, भांडं बर्फात ठेवा, थांबत थांबत चालवा, असं काहीबाही म्हणत होता. दलसिंग मान खाली घालून ऐकत होता. त्याला सगळं नवीनच.

इंजिनियरने रात्रीचा मुक्काम रद्द करून संध्याकाळचीच एस.टी. गाठली. मुंबईच्या लोकांना दम नाही.

१० ऑक्टोबर

पहिला प्रयोग. भांड्याचा तळ गेला. लगदा टेबलावर, टेबलावरून माझ्या धोतरावर.

काच भारतीय, मशीन परदेशी. जोडी जमणार कशी? स्टोअरवाल्याला खडसावलं. दुसरं भांडं घेतलं. त्याचाही तळ गेला. तिसऱ्या वेळी सळई थोडी वर धरली तर नुसता फेस. दूध उतू जातं तसा लगदा वर आला. दलसिंग म्हणाला, सळई मध्यावर ठेवून पाहू का. मी म्हणालो, पाहायला मी आहे.

दुपारी मध्यावर ठेवली. चालली. हे मला सुचलंच असतं.

१३ ऑक्टोबर

सासरे आले. चुनीलाल पाटील, ब्राह्मणपुरीचे बडे केळीवाले. त्यांच्या बागेतल्या काही झाडांची पानं आखूड होऊन शेंड्याला गुच्छ झालाय. तीच पानं नमुन्याला घेऊन आले होते. देवानेच संधी दिली. जावई काय चीज आहे हे सासऱ्यांना दाखवण्याची.

भांड्यात बुडवली की सळईचा आवाज दबतो, प्रभाव पडत नाही. म्हणून बाहेर काढली आणि हवेतच पूर्ण जोरावर सोडली. काय ती किंकाळी! बाजारातली कुत्री रडायला लागली. सासऱ्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली. म्हणाले, "जावई, हाई बंद करा, मन्हं डोकं दुखी ऱ्हायनं." मी आणखी दोन वेळा चालवून दाखवलं. पुढचं सगळं ते बाहेर निंबाखाली बसून ऐकत होते. भारावले असावेत.

निघताना सरलाचं विचारलं. बरी शे म्हणाले. क्वार्टरचं सांगितलं. "व्हई का?" एवढंच म्हणाले आणि टोपी नीट केली.

१७ ऑक्टोबर

नंदुरबारहून भुशात घालून बर्फाची लादी मागवली. एस.टी.च्या टपावरून. पोहोचला फक्त भुसा. कंडक्टरला अड्ड्यावर उभा धरला. सगळी गाडी खोळंबली, पण तत्त्वाचा प्रश्न होता.

विचारांती ठरवलं की बर्फाची गरज नाही. केळीच्या पानाला खानदेशातलं वैशाखाचं ऊन चालतं, त्याला मशीनची थोडी ऊब का चालू नये? थांबत थांबत चालवणंही बायकी वाटतं. एकदम अर्धा तास चालवलं. रस हिरवा होता तो तपकिरी झाला. प्रयोगशाळेत अळूच्या भाजीचा वास. नमुना पुण्याला रवाना.

२२ ऑक्टोबर

पुण्याचं उत्तर: नमुना शिजलेला आहे, कच्चा पाठवा.

शब्द पाहा. शिजलेला. एका संशोधकाला ही भाषा. तिथे पंख्याखाली बसून नाकं मुरडायला काय जातं? उखावर राग निघाला. तो जवळ होता. "साहेब, मी त्याले हात बी नही लाया," म्हणाला. हात लावला नाही हाच तर माझा मुद्दा होता. थोडी मदत करायला काय झालं?

(संकल्प मोडलेला नाही. तो राग नव्हता, तळमळ होती.)

२५ ऑक्टोबर

खरा दोष सापडला! आज सळईचं टोक निरखून पाहिलं. सपाट. बोथट. चार आण्याच्या नाण्याएवढं तोंड, त्यावर आता बारीक खड्डेही पडलेत. इतके दिवस ह्या मुसळाने आम्ही पेशी फोडत होतो!

आमचे वडील दर साल पेरणीआधी फाळ लोहाराकडे नेऊन पाजवून आणायचे. आमच्या घराण्यात बोथट अवजार शेताच्या बांधावर गेलेलं नाही. पान फाडायचं तर टोक हवं. इतकी साधी गोष्ट परदेशी लोकांना कळू नये? कळणार कशी, त्यांच्याकडे नांगरच ट्रॅक्टरला.

दलसिंगला सांगितलं. तो म्हणाला, मुंबईला एकदा विचारू या, नवीन सळई मिळते. मी म्हणालो, तुला फारच घाई झालीय रे क्वार्टरची. तो उठून भांडी धुवायला गेला. चोराच्या मनात चांदणं.

२६ ऑक्टोबर

सळई सोडवून सुकलाल लोहाराकडे नेली. त्याने हातात तोलून पाहिली. "हाई कोनता नांगरना फाळ शे?" म्हणाला. मी म्हणालो, सायन्सच्या नांगराचा. दोघेही हसलो. महिन्याभरात पहिल्यांदाच हसलो.

भट्टीत घालून उपयोग होईना. मग चाकावर घासली. पांढऱ्याशुभ्र ठिणग्या उडाल्या, गल्ली उजळून गेली. उत्तम धातूची खूण. दीड बोट लांबी गेली, पण टोक असं आलं की सुकलाल स्वतः खूश. "आते दगडमा बी घुसी जाई," म्हणाला. येताना सरलासाठी बांगड्या घेतल्या. हिरव्या.

२७ ऑक्टोबर, सकाळी

सळई परत बसवताना आट्यांना शेंगदाण्याचं तेल लावलं. बैलगाडीच्या आसालासुद्धा वंगण लागतं, मग वीस हजारवाल्याला का नको? आज इतिहास घडणार.

२७ ऑक्टोबर, दुपारी

लाल दिवा. मशीन नुसतं घुं घुं करतं आणि बंद पडतं. वीज कमी येते, दुसरं काही नाही.

२९ ऑक्टोबर

वायरमनला बोलावलं. त्याने मीटर लावून वीज बरोबर आहे म्हणून सांगितलं. त्याचं मीटरच बिघडलेलं आहे हे मी त्याला पटवून दिलं. तो मीटर पिशवीत टाकून सायकलवर बसून गेला. म्हणजे पटलं.

लाल दिवा तसाच.

२ नोव्हेंबर

सळई पुसली, धुतली, पुन्हा तेल लावलं. आधीपेक्षा जास्त. बटण जोरात दाबलं. हळू दाबलं. दारं बंद करून दाबलं. मशीनला चार शब्द सुनावले. बाजूच्या शाळेतल्या गुरुजींनी पोराला पाठवून विचारलं, कुणाला दवाखान्यात न्यायचंय का.

४ नोव्हेंबर

उखाने धडगावला बदली मागितली. स्वतःहून. घाटातल्या त्या गावी लोक शिक्षा म्हणून जातात, मोटार वर चढली तर चढली. बोलावून कारण विचारलं. भिंतीकडे पाहत म्हणाला, "तठे निवांत शे, साहेब."

माणसांना महत्त्वाकांक्षाच नसते. त्याला हे अर्धा तास सांगितलं.

९ नोव्हेंबर

साहेब आले.

मी मशीनला झेंडूचा हार घातला होता. साहेबांनी हार काढून बाजूला ठेवला, सळई पाहिली, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिली. मग हे टोक कुणी काढलं म्हणून विचारलं. मी पुढे होऊन म्हणालो, मी, सर. स्वतःच्या कल्पनेने.

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर मीही दोन शब्द बोललो असतो. पण ते खुर्ची ओढून बसले आणि आजारी माणसाशी बोलावं तसे हलक्या आवाजात बोलायला लागले. म्हणाले, ही सळई टोचत नाही. तिचं सपाट तोंड रसाला धक्के देतं आणि त्या धक्क्यांनी पेशी फुटतात. तिची लांबी त्या थरथरीला मोजून दिलेली असते. ती कमी झाली, वर आट्यांत तेल गेलं, की मशीनला सूर सापडत नाही. हवेत चालवल्याने खड्डे लवकर पडतात. असं बरंच. मी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. मलाही हेच म्हणायचं होतं.

नंतर दलसिंगला दोन प्रश्न विचारले. त्याने दोन उत्तरं दिली. नवी सळई मुंबईहून येईल. इन्चार्ज दलसिंग.

पंचवीस मिनिटांत सगळं संपलं. मी साहेबांना फाटकापर्यंत पोहोचवायला गेलो. माझ्या बी.एस्सी.चं सांगायचं राहिलं.

१० नोव्हेंबर

खलबत! दुसरं काही नाही. न बोलणारी माणसंच कारस्थानी असतात. दलसिंगच्या टेबलाशी जाऊन तोंडावर सांगितलं. सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला की त्याची आई दम्याने आजारी आहे, एका खोलीत चूल आणि तिची खाट सोबत जमत नाही, नाहीतर क्वार्टर त्याने मला दिलं असतं.

म्हणे दिलं असतं! संताप संताप झाला. रात्री जेवलो नाही.

१३ नोव्हेंबर, पाडवा. ब्राह्मणपुरीहून परत आल्यावर

सकाळच्या गाडीने गेलो. क्वार्टर नाही, हे सरलाला कसं सांगायचं याची गाडीत जुळवाजुळव केली. साहेब, दलसिंग, लोहार, कंपनी, वायरमन, सगळ्यांना आपापल्या जागी बसवलं.

तिने पाट मांडला, ओवाळलं. रीतीप्रमाणे सगळं. ओवाळणीत बांगड्या घातल्या. तिने त्या हातात घेऊन पाहिल्या, भरल्या नाहीत. मग मी क्वार्टरचं सांगायला लागलो. सांगत सांगत साहेबांपर्यंत आलो आणि तिने ताट खाली ठेवलं.

म्हणाली, "क्वार्टरनं काय ते? मी झोपडीमा बी ऱ्हासू. घाणाना आवाज बी चालस माले. पन तुम्ही घरमा बोलतसच नही, नुसता आरडतस. सकाय उठी ते रातले निजा लगून. मन्हा जीव थरथरस." आवाज चढवला नाही. रडलीही नाही. बऱ्याच दिवसांपासून तयार असलेलं बोलावं तसं बोलली.

मी म्हणालो, मी कधी आरडलो? जरा मोठ्याने म्हणालो असेन, कारण गोठ्यातला बैल उठून उभा राहिला.

सरला आत गेली. सासरे बाहेर आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जेवण करी ल्या, जावई. मंग दुपारनी गाडी शे." पुरणपोळी होती. पडवीत एकट्यालाच वाढली. आतून बायकांचं हळू आवाजातलं बोलणं आणि मधूनच हसणं ऐकू येत होतं. तिचं हसणं मी ओळखलं. तळोद्याला असताना ती हसल्याचं मला आठवेना. खूप आठवून पाहिलं.

बांगड्या तिने पुडीत बांधून पिशवीत परत दिल्या. म्हणाली, ठेवा, फुटतीन.

१४ नोव्हेंबर, भाऊबीज

केंद्राला सुट्टी. उखा धडगावला गेला. घाणावाला बहिणीकडे गेला, घाणा बंद.

आज दिवसभर कुणावरही ओरडलो नाही. खोलीत कुणी नव्हतं.