अप्पांचं ताट आणि मागचा हौद

३ फेब्रुवारी, मंगळवार
आज एकविसावा दिवस. खानावळीतून घंटागाडीत ओल्या कचऱ्याचं एक घमेलं गेलं नाही. कांद्याची टरफलं, भाजीचे देठ, लोकांचं उष्टं, सगळं मागच्या खताच्या हौदात. विटा मी निवडल्या, तळाची जाळी मी बसवून घेतली. मार्केट यार्डाजवळच्या ह्या गल्लीत असला हौद दुसऱ्या कुणाकडं नाही. हे म्हणाले, "लई मिरवू नको." मिरवणार. लग्नाला चोवीस वर्षं झाली, सासऱ्यांच्या खानावळीत माझं म्हणून काय होतं? आता हौद हाय.

९ फेब्रुवारी
शेजारचे रफीकभाई टेलर सकाळीच दारात, वासाची तक्रार घेऊन. "भाभी, बास आरी ना. गिराईक नाक पकडके माप देरा." मी म्हणलं, तुमच्या गिऱ्हाइकांची नाकं नाजूक. ते हसत गेले. मग मागं जाऊन झाकण उघडलं. आई गं. काळपट लगदा, वर बुडबुडे, अळ्या. जेवण गेलं नाही दुपारी.

कुणाला सांगितलं नाही.

१२ फेब्रु.
पालिकेचे साहेब आले. तक्रार गेली असणार. माणूस चांगला, नीट बोलले. "हौद करताय हे बरोबरच आहे ताई, पण वास नको. महिनाअखेरीला येतो. तसाच असेल तर बुजवून टाका." हे लगेच "हो साहेब, हो साहेब".
अप्पा जेवत होते. म्हणजे सासरे. खानावळ त्यांनीच काढली, गल्ल्याशेजारचं पहिलं टेबल त्यांचं, बारा वाजता पहिलं ताट त्यांचं. ते जेवल्याशिवाय हॉल सुरू होत नाही. तिथूनच म्हणाले, "बुजवा की. अन्न कुजवायची कसली हौस."
बुजवणार नाही.

१५ फेब्रु., रविवार
काल चटणीवाल्या बायकांकडनं शेंगांची फोलपटं आणली, दोन पोती. ओल शोषायला लगद्यात कालवली. सकाळपर्यंत ती पण भिजून गार. एवढं पाणी येतंय कुठनं? आमटी लोक वाटी चाटून पितात, ताक तर उरतच नाही.
दुपारी मीच भांड्यापाशी उभी राहिले. उष्ट्याची बादली चाळणीत ओतली. अर्धी बादली पाणी. लक्ष्मी बघत होती. (भांडी घासते आमच्याकडं, बारा वर्षं.) म्हणाली, "ताटातच हात धुतात की सगळे, अक्का. मग पाणी कुठं जाणार?"
एवढी वर्षं डोळ्यांसमोर. मला दिसलं नाही.

१६
पाटी लावली: ताटात हात धुऊ नये. टेबलावरचे तांबे उचलले, पेले ठेवले. दारापाशी बेसिन हाय, रोज घासलेलं.
एक कांदेवाला म्हणतो, "ताई, नातेपुत्याहून आलोय, आता हात धुवायला परत नातेपुत्याला जाऊ का?" म्हणलं, चार पावलांवर हाय बेसिन, एवढी आमटी वरपलीत, चार पावलं चाला की. सगळे हसले. उठला. चांगला माणूस.
पण अप्पांनी पेल्यातलंच पाणी हातावर घेतलं, ताटात. शेजारच्या टेबलानं बघितलं, त्यानं पण तेच. मग पुढच्यानं. माझी पाटी भिंतीवर गप्प.

१८ फेब्रु.
घरी बोलले. नीट बोलले. "अप्पा, तेवढा हात बेसिनला धुवा. तुमचं बघून सगळे करतात."
अप्पा: "खरकट्या हातानं पानावरनं उठायचं म्हंजे जेवण अर्धं टाकून उठल्यासारखं. आमच्यात आठ-आठ दिवस नळाला पाणी न्हवतं. त्याच तांब्यातलं प्यायचं, त्यातच हात धुवायचा, ते ताट म्हशीपुढं. थेंब वाया न्हाय गेला. आन तू मला जेवायला शिकवतीस व्हय?"
म्हशीपुढं जात होतं ते खरं. आता म्हैस कुठाय, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

१९ फेब्रु.
मोठी चूक केली. हॉल भरलेला. अप्पांचं जेवण झालं, त्यांनी पेला उचलला. मी ताट ओढून घेतलं. पाणी टेबलावर, धोतरावर. सगळे बघत होते.
अप्पा तसाच खरकटा हात पुढं धरून उठले. दारातनं बाहेर. बेसिनसमोरून गेले, थांबले नाहीत.

२० फेब्रु.
अप्पा पहाटेच वळसंगला गेले, शेतावर, धाकट्या दिरांकडं. पिशवीत दोन धोतरं आणि लिंगपूजेचं सामान. म्हणजे चार दिवसांचं जाणं नाही.
हे माझ्याशी बोलत नाहीत. भाकरी वाढली की "साकु" म्हणतात, पुरे, एवढंच. कानडी आठवते रागात.
मला रडू आलं. भांड्यापाशी, लक्ष्मीसमोर. ती ताटं पुसत राहिली.
माफी मागायची तर कशाची? ताट ओढलं त्याची मागीन. पाण्याची नाही.

२४
हौद रिकामा केला, पाणी निथळू दिलं, फोलपटांच्या थरावर पुन्हा भरला. रोज फावड्यानं खालचं वर. हाताला फोड. आता कुणीच ताटात हात धूत नाही. पहिल्या टेबलाकडं बघतात आणि उठून जातात बेसिनला. हे मला हवं होतं. असं नको होतं.

२८ फेब्रु., शनिवार
साहेब आले. झाकण मी स्वतः उघडलं, लांब उभी नाही राहिले. त्यांनी वाकून बघितलं. हात घातला त्यांनी, साहेबानं! मूठभर उचलून म्हणाले, "गरम आहे की. म्हणजे नीट चाललंय." फोटो काढला. दुसऱ्या खानावळवाल्यांना पाठवतो म्हणाले, बघायला.
रफीकभाई: "अब कुछ नै आरी, भाभी." आज दिवसभर मान वर करून फिरले. हे पण हसले थोडं. पहिल्यांदा.
अप्पांना फोन केला. दिरांनी उचलला. "झोपलेत." सकाळचे अकरा वाजले होते.

१८ मार्च
तिघे खानावळवाले आले, एक थेट टेंभुर्णीहून. हौद दाखवला, फोलपटांचं सांगितलं, पाण्याचं सगळ्यात जास्त सांगितलं. वहीत लिहून घेतलं त्यांनी. माझं बोलणं, वहीत. एकानं विचारलं, डोकं कुणाचं? म्हणलं, माझं.
मग टेंभुर्णीवाल्यानं पहिल्या टेबलावर बसायला खुर्ची ओढली. लक्ष्मीच ओरडली, "तिथं नको." त्यानं विचारलं, का? मी म्हणाले, सासऱ्यांचं हाय, शेताकडं गेलेत.
सव्वीस दिवस झाले.

५ एप्रिल, रविवार
खत चाळलं होतं परवा. दोन पोती. काळंभोर, मातीचा वास, हाताला लागत नाही. ह्यांना म्हणलं, टेम्पो सांगा, वळसंगला जायचंय. ह्यांनी विचारलं नाही कशाला.

अप्पा बांधावर बसले होते. वाळलेत. मी पोतं सोडलं, पुढं ठेवलं. त्यांनी मूठ भरली, दाबली, उघडली. वास घेतला. "वलं न्हाय," म्हणाले. एवढंच. पण मूठ पुन्हा भरली. मला लई बरं वाटलं, आता लिहिताना पण वाटतंय.
दिरांच्या घरच्यांनी भाकरी-पिठलं आणलं. झाडाखाली जेवलो. म्हणलं, "अप्पा, ताट ओढलं ते चुकलं माझं. चार माणसांत." त्यांनी घास चावून संपवला. पाण्याचं बोलायचं नव्हतं मला.
जेवण झालं. तिथं कुठलं बेसिन. मी तांब्या उचलला, आता काय करतात बघत राहिले. त्यांनी ताटाकडं बघितलं. मग सरकून बसले आणि हात लिंबाच्या रोपाच्या आळ्यावर धरला. मी पाणी घातलं. सावकाश घातलं.

सोलापूरला कधी येताय, हे विचारायचं ठरवून गेले होते. विचारलं नाही. टेम्पोत चढताना तेच म्हणाले, "पुढच्या खेपेला चार पोती आण."
चार पोती व्हायला अजून तीन-चार महिने लागतील. तोवर तिथंच राहणार की काय?