आईसाठी कॅसिनो निवडताना

प्रिय वेंडल,

परवा फोनवर तू विचारलंस, "लेनोर, तू आईला नेमकं कुठल्या कुठल्या कॅसिनोत घेऊन फिरतेस, आणि कशासाठी?" आणि मी फोन ठेवून दिला. रागानं नाही ठेवला. आई न्हाणीघरात होती, नळ चालू असल्याचा आवाज येत होता, आणि नळाचा आवाज आला की मला जागेवर उभं राहून बोलता येत नाही. नंतर तुला उलट फोन करावासा वाटला नाही. फोनवर तू ऐकत नाहीस, नुसती उत्तरं देतोस. म्हणून लिहायला बसले आहे. आई समोरच्या खुर्चीत मोजे जुळवत बसली आहे. तिनं एक ढीग संपवला की मी जोड्या फोडून पुन्हा टोपलीत टाकते, म्हणजे तिला काम पुरतं. तिला कळत नाही असं मला वाटायचं. काल मात्र म्हणाली, "या घरात माणसं किती आहेत गं? मोजे काही संपत नाहीत."

जॉयसनं तुला काय काय सांगितलं असेल ते मी ओळखून आहे. चर्चमध्ये प्रार्थनेनंतर कॉफीच्या टेबलापाशी ती माझ्या तोंडावरच म्हणाली, "काय गं लेनोर, घबाड लागलं की आम्हा चुलतभावंडांना विसरू नकोस हं!" सगळ्या हसल्या. मीही हसले. आपल्या एल्केडरसारख्या लहान गावात एखाद्या बाईची गाडी दर आठवड्याला डब्यूकच्या कॅसिनोच्या रस्त्याला लागली की लोक तिला जुगाराचा नाद लागला असं म्हणून मोकळे होतात. त्यातून बरोबर म्हातारी आई! पण वेंडल, मी आजवर एकदाही जिंकण्यासाठी बटण दाबलेलं नाही. मी आईशेजारी बसते आणि डोळे मिटते. तेवढी एकच जागा आहे जिथं मला डोळे मिटता येतात.

सुरुवात कशी झाली ते सांगते. मागच्या हिवाळ्यात डब्यूकला तिच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. परतताना तिला बाथरूमची घाई लागली, आणि जवळ गाडी उभी करायला जागा होती ती नदीकाठच्या कॅसिनोसमोरच. तिला धरून आत नेलं. बाहेर आलो तेव्हा ती मशिनांच्या रांगेसमोर थबकली. सगळीकडे दिवे लागत-विझत होते, घंट्या वाजत होत्या. मला वाटलं, आता घाबरेल, रडेल. ती मात्र ओरडली, "अरे देवा, सगळ्या लाइनी एकदम लागल्यात आणि बोर्डावर कुणीच नाही!" तिनं कोट काढून माझ्या हातात दिला, स्टुलावर ताठ बसली आणि बटणं दाबायला लागली. "थांबा हं, जोडून देते. बोला, जोडलंय."

लग्नाआधी आई गावच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होती हे तुला ठाऊक आहे, पण आपल्याला ती एक गोष्ट म्हणूनच ठाऊक होती. त्या दिवशी मी एकोणीस वर्षांची आई पाहिली. पाठ सरळ, मान जरा तिरकी, आवाज गोड. तिला कुणाची तरी गरज होती आणि ती गरज ती भागवत होती. घरी आलो तर त्या रात्री ती शांत झोपली. तुला त्याची किंमत कळणार नाही, कारण त्याआधीच्या रात्री तू पाहिल्या नाहीस. अंधार पडला की ती कोट घालून दारांच्या मुठी हलवत फिरते. "मला घरी जायचंय." आई, हेच घर. "हे तुझं घर असेल, बाई. मला माझ्या घरी जायचंय." एकदा ती थंडीत सपाता घालून पुलापर्यंत गेली. तेव्हापासून मी दोन्ही दारांना कुलपं लावते आणि किल्ली गळ्यात घालते. अंघोळीलासुद्धा काढत नाही.

तर हे माझं कॅसिनो फिरणं. लोक जेवण बघतात, खोल्या बघतात, कुठला गायक येणार ते बघतात. मी आधी फोन करते. फोनवरची पोरगी विचारते, "मॅडम, नदीकडची खोली हवी का? आमच्याकडे मालिशसुद्धा आहे." मी विचारते, "बाहेर जायची दारं किती आहेत, आणि ती आपोआप उघडतात का?"  बिचारीला वाटत असेल, ही दरोड्याची तयारी करतेय! मग विचारते, मशिनांना बटणं आहेत की नुसती काच? काचेवर बोट लावलं की आई चिडते. "हा बोर्ड मेलाय, साहेबांना बोलवा," म्हणते. नदीवरच्या बोटीतला कॅसिनो घरापासून सर्वांत जवळ, पण पूल ओलांडून आत शिरताना खाली पाणी दिसतं आणि ती पाय उचलत नाही. मिनेसोटाच्या हद्दीजवळचा एक आहे, तिथं गर्दी कमी, पण रस्ता उघड्या माळावरून जातो आणि वारा सुटला की बर्फानं सगळं पांढरं होतं; मी एकदा रस्त्याकडेला गाडी थांबवून दुपारभर तिला बाबांची गाणी म्हणून दाखवत बसले होते. टामाकडचा तिला आवडतो. तिथली पहाऱ्यावरची एक बाई तिला "ऑपरेटर" म्हणून हाक मारते. पण तिथून येताना लांबच्या रस्त्यावर मीच पेंगते. तेव्हा शेवटी डब्यूकच. आयोवातल्या एवढ्या कॅसिनोंतून मी निवडते काय, तर जिथून माझी आई बाहेर पडू शकणार नाही अशी जागा.

आणि तिथूनच ती बाहेर पडली.

जॉयसनं तुला सांगितलं असेल की मी खेळण्यात गुंग होते. मी कॉफी आणायला गेले होते. परत आले तर स्टूल रिकामं. पर्स नाही, कोट नाही. बाथरूम पाहिलं, जेवणाची जागा पाहिली. पहारेकऱ्यांनी मला एका खोलीत नेऊन कॅमेऱ्यातलं दाखवलं. लाल मफलर घातलेल्या बायकांची एक रांग हसतखिदळत दाराबाहेर जात होती आणि त्या रांगेच्या मधोमध माझी आई. तिच्याही गळ्यात कुणीतरी घातलेला लाल मफलर. वॉटर्लूच्या कुठल्याशा चर्चच्या बायका सहलीला आल्या होत्या. आई त्यांच्याबरोबर बसमध्ये चढून निघून गेली होती.

मी वॉटर्लूच्या रस्त्याला गाडी काढली. वेंडल, त्या रस्त्यावर मला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. भीती तर होतीच. पण शेजारची जागा रिकामी होती, गाडीत कुणी दाराची मूठ हलवत नव्हतं, आणि काचेपलीकडे शेतंच्या शेतं मोकळी पडली होती. मी गाडीची खिडकी उघडली. फेब्रुवारीत!

वाटेतल्या मँचेस्टर गावाच्या अलीकडेच फोन आला; आईच्या पर्समधल्या चिठ्ठीवर माझा नंबर होता. त्या सहलीची म्होरकी बर्निस नावाची एक बाई. मोठ्या आवाजाची. "अहो, आम्ही इथं पाई खायला थांबलोय आणि डोकी मोजली तर एक जास्त निघालं. आणि खरं सांगू का, आमच्या सगळ्या डोक्यांत तेच जास्त मजेशीर आहे. तुमचंच का हे?"

हमरस्त्यालगतच्या खानावळीत शिरले तेव्हा आई लांब टेबलाच्या मध्यावर बसली होती. पुढ्यात बेदाण्यांची पाई. एक्स्चेंजवरचं काहीतरी सांगत होती आणि सगळ्या बायका पोट धरून हसत होत्या. तीही हसत होती. तोंडावर हात न ठेवता, मान मागे टाकून. मी दारातच उभी राहिले. मग तिनं मला पाहिलं आणि तिचं हसू गेलं. तिनं बर्निसचा दंड घट्ट धरला. "तीच ती. मी म्हणत होते ना, तीच. मला कोंडून ठेवते. किल्ली गळ्यात घालून फिरते. माझी मुलगी येईपर्यंत मला कुठंतरी लपवा."

सगळ्या बायकांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं. कोट उघडा होता. किल्ली लोंबत होती.

तोवर कुणीतरी पोलिसांना कळवलेलं होतं. एक तरुण हवालदार टोपी काढून पुढे आला. "मॅडम, तुमचं यांच्याशी नातं काय?" मी म्हटलं, मुलगी. आई म्हणाली, "साफ खोटं! माझी लेनोर हसरी आहे." त्यानं माझा गाडी चालवायचा परवाना मागितला. फोटो आणि मी, मी आणि फोटो, असं बराच वेळ बघत राहिला. आईनंही वाकून पाहिलं आणि विजयानं म्हणाली, "बघा! कार्डावरची हसतेय. ही कुठं हसतेय?" आणि वेंडल, तो फोटो मी सीडर रॅपिड्सला असताना काढलेला. माझं घर होतं, गायनमंडळ होतं, तेव्हाचा. हवालदार पोर सभ्य होतं, पण त्याच्या नजरेत शंका आली ती मला दिसली. माझ्या स्वतःच्या मनात आली, त्याच्या का येऊ नये?

शेवटी आडनाव जुळलं, पत्ता जुळला. बर्निसनं मला खुर्ची ओढून दिली. "आधी खा." मला खाववेना. ती हळू आवाजात म्हणाली, "माझा नवरा असाच गेला. मला सगळं ठाऊक आहे, मला काही समजावू नकोस. एवढंच सांग, तुझ्या जागी बदलीला कोण येतं?" मी म्हटलं, मला भाऊ आहे. "कुठं असतो?" टूसॉनला. उन्हाळ्यात येतो म्हणालाय.  बर्निसनं माझ्या कॉफीत साखर घातली आणि पुष्कळ वेळ ढवळत राहिली.

आई काही केल्या उठेना. शेवटी बर्निसच उभी राहिली आणि टाळी वाजवून म्हणाली, "ऑपरेटर, पुढची मुलगी आली बोर्डावर. तुमची पाळी संपली." आई लगेच उठली. मफलर सारखा केला, सगळ्यांशी हात मिळवले. मग माझ्यापाशी येऊन अगदी परक्या बाईशी बोलावं तशी म्हणाली, "बाई, तुम्ही एल्केडरच्या बाजूला जाताय का? मला वाटेत सोडाल? त्रास नको, चौकात सोडलंत तरी चालेल."

मी तिला सोडलं. सबंध वाटभर मी एक अनोळखी बाई होते. तिनं मला बर्फाबद्दल विचारलं, गुरं आहेत का विचारलं. मग म्हणाली, "तुम्हाला मुलं?" नाहीत, मी म्हटलं. "मला दोन. मुलगा हुशार, लांब गेला. मुलगी गाते." कशी गाते, मी विचारलं. "छान गाते. शहरात असते. घरी फारशी येत नाही आणि मी तिला बोलवतही नाही. मीच सांगून ठेवलंय तिला. म्हटलं, पोरी, या गावात अडकू नकोस. इथं आलीस तर कुणी ना कुणी तुला धरून बसेल." बाहेर बघत ती असं बोलत होती, आणि मी गाडी चालवत होते, कारण गाडी चालवणं भाग होतं. चौक आला. मी गाडी थांबवली नाही. घरापुढे आणून उभी केली, दार उघडलं, आणि ती मागं सरून बसली. "हे माझं घर नव्हे," म्हणाली.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं. आता मी हे का लिहिलं ते. आधी वाटलं, तुला कळवावं की डॉक्टरांना माझ्या छातीत काहीतरी सापडलंय. तू धावत आला असतास, मला ठाऊक आहे, तू वाईट नाहीस. पण काही सापडलेलं नाही. माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि म्हणूनच मला आत्ता जायचंय, ती बिघडायच्या आत. मी आजवर आईसाठी निवडले, आता एक कॅसिनो तुझ्यासाठी निवडला आहे. काउन्सिल ब्लफ्सचा. माझ्यासाठी तो राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पण नदीपलीकडे ओमाहाचा विमानतळ आहे, तुला टॅक्सीनं पोचायला वेळ लागणार नाही. मशिनांना बटणं आहेत. आईला मुलानं नेता येईल असं वेगळं बाथरूम आहे, मी विचारून घेतलंय. ईस्टरनंतरच्या सोमवारी तिथं तुझ्या आणि आईच्या नावानं खोली घेतली आहे. मी तिला घेऊन येईन आणि तू येईपर्यंत खाली बसून राहीन. मग तिचा हात तुझ्या हातात देऊन निघेन. कुठं, ते विचारू नकोस. मलाही अजून ठरवायचंय, आणि ते ठरवायला मिळणार या विचारानंच मला रात्री झोप येत नाही. उन्हाळ्याचं काही बोलू नकोस, बायकोला विचारून सांगतो म्हणू नकोस. पाकिटात तुझं विमानाचं तिकीट आहे. मी ते फक्त येण्याचं काढलं आहे.

तुझीच थोरली,
लेनोर