काशिनाथराव कोण?

पडेगाव, ५ जानेवारी २०२५

चि. मंजुषास, आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

माझ्या भावाच्या दहाव्याला सगळ्यांत आधी कोण आलं असंल, तर गुलमंडीचे कमरोद्दीनभाई. महिनाभर लेकीकडं हैदराबादला होते, त्यांना काय ठावं? कोपऱ्यावरचं श्रद्धांजलीचं बॅनर वाचलं अन् थेट दारात येऊन म्हणाले, कचरूला हाक मारा, तुमच्या गल्लीतले कुणी काशिनाथराव गेलेत, दोघं मिळून भेटून येऊ.

अगं, मेलेल्यालाच त्याच्या दहाव्याला न्यायला आले! फोटोबी लग्नातला, काळ्या मिशांचा, ओळखणार कोण? मी रडत होते ती हसले, मग भाई रडले. कचरू नाव बरं दिसत नाय म्हणून काकासाहेबानं स्वतःच्या बापाला नवं नाव दिलं. ज्यानं उभ्या तालुक्याची हाडं बसवली, त्याच्या दहाव्याला सात माणसं! माझा भाऊ परक्या नावानं गेला, एवढंच लागतंय मनाला.

तू वाळलीस म्हणं. मोबाईलच खातीस का?

माया आटू देऊ नको.
तुझी आजी, दगडाबाई

नाशिक, १२ जानेवारी

ती. आजीस, मंजुषाचा सा. न. वि. वि.

रागावू नकोस. बॅनरचा मजकूर मीच लिहून दिला होता. काकासाहेबकाका म्हणाले, पाहुणे हसतील, मलाही पटलं. पण कचरूआजोबांचं असं नाव ठेवलंच कशाला? महिन्याच्या श्राद्धाला, मासिकाला, नवं बॅनर लावा. तू सांगशील तेच लिहीन.

रागावलीस तरी माझीच राहा.
तुझी मंजू

पडेगाव, २८ जानेवारी

चि. मंजुषास, आशीर्वाद. वि. वि.

तुझ्यावर कसला राग! त्याच्या आधीची चार लेकरं गेली. म्हणून आईनं हा जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून उचलला, कचरू म्हटलं. यमाला वाटावं, हा कचरा कोण नेणार? चौऱ्याऐंशी वर्षं फसला की गं यम! माझं नावबी त्याच भ्यानं.

मासिकाला तुझं बॅनर लागलं, नुसतं ‘आपला कचरू’. काय सांगू, अंगणात माणूस मावंना! चितेगावचे धोंडिबा बाही वर करून म्हणाले, हे कचरूचं कोपर. जहांआराबीनं मनगट दाखवलं. कुणी गुडघा, कुणी खांदा. मी बघतच राहिले. माझा भाऊ एवढ्या लोकांच्या अंगात हिंडतोय, अन् मी त्याला गेला म्हणून रडत बसले! मग काकासाहेबानंच हळूच पायजमा वर करून घोटा दाखवला.

अशीच लिहीत जा, वाचायला डोळे आहेत अजून.
तुझी आजी, दगडाबाई

ता. क. धोंडिबा चितेगावची यायची राहिलेली माणसं दोन जीप भरून घेऊन येणार आहेत. काकासाहेबानं फोनवर, कचरूचा लेक बोलतोय, असं सांगून गुरुवार पक्का केला.