एल्डनचं मचाण

शनिवार, २२ नोव्हेंबर. पहाटे ५.
आजपासून हरणांचा सीझन. नऊ दिवस. रायफल पुसली, नारिंगी जाकीट चढवलं, थर्मास भरला.
काल रात्री बायकोनं, इडेलानं, जाहीर केलं: तळघरातला फ्रीझर तीन वर्षं नुसती हवा गार करतोय. शेवटच्या रविवारपर्यंत त्यात तुमच्या हातचं हरीण पडलं नाही, तर तो एल्डनच्या घरी जाईल.
एल्डन म्हणजे तिचा भाऊ. त्याचा स्वतःचा फ्रीझर इतका भरलेला असतो, की सॉसेजं ओसरीवर टांगावी लागतात. आता त्याला आमचाही हवा!
संकल्प: आजच नर. आठ टोकांच्या शिंगांचा.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
टेकडीवरच्या माझ्या मचाणावरून दोन माद्या पाहिल्या. झुडपांवर दहिवर, त्यावर कोवळं ऊन. सातवीत मिस सॅथरनी शिकवलेली शरदाची कविता आठवली. सगळी. मनातल्या मनात म्हटली (ओठ हलले असतील). माद्या कान टवकारून खाली दलदलीकडे गेल्या.
दहा मिनिटांनी दलदलीच्या काठावरच्या मचाणातून धाड! एल्डन.
दुपारी त्यातली एक मादी पिकअपमध्ये घालून दाखवायला घेऊन आला. दाजी, हिला बघून ठेवा, सकाळी तुमचीच ओळख सांगत होती, म्हणाला. इडेला सपातांवरच बर्फात धावली आणि भावाची पाठ थोपटली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात माझी पाठ तिनं एकदाच थोपटली. घास अडकला होता तेव्हा.

सोमवार, २४.
पाच हरणं! सगळी आधी माझ्याकडे येतात, हे लिहून ठेवलं पाहिजे. मी सोडून दिलेली एल्डन मारतो. एका अर्थी उष्टी.
संध्याकाळी तो मागच्या दोन तंगड्या द्यायला आला. परत पाठवल्या. इडेला म्हणाली, मग खाणार काय, कविता?
उत्तर सुचलं, पण ती तोवर झोपली होती.

बुधवार, २६.
नर. खराखुरा. तीस पावलांवर. शिंगांमागे सूर्य उगवत होता.
रायफल उचलली. सेफ्टीचा खटका मोकळा केला. पण अशा वेळी शेवटचं कडवं गिळून टाकणं माणुसकीला धरून नाही. त्याला आवाज लागतो. शेवटच्या बाकापर्यंत पोचलं पाहिजे, असं मिस सॅथर म्हणत. (नॉर्वेजियन बाई. निळा स्वेटर. खडूचा वास. आता असे शिक्षक नाहीत.)
कडवं उत्तम झालं. नर दलदलीत उतरला.
धाड.
दहा टोकं होती म्हणे. मी नऊच मोजली होती.

गुरुवार, २७. थँक्सगिव्हिंग.
जेवायला एल्डनकडे. भाजलेलं मांस तीनदा वाढून घेतलं, दोष नीट सापडावा म्हणून. मीठ किंचित जास्त.
सगळ्यांनी त्याला नराची गोष्ट दोनदा सांगायला लावली. तो मी आधी पाहिला होता, असं मी सांगितलं. एल्डनची सून म्हणाली, मग त्याला हात करून बोलावलंत का नाही? टेबल हसलं. इडेलासुद्धा. मी बटाटे मागितले.

शुक्रवार, २८.
रात्रभर विचार. निष्कर्ष: एल्डनच्या अंगात काही नाही, जागेत आहे. बावीस वर्षं तो दलदलीच्या काठाला चिकटून बसलाय आणि मला टेकडी दिली आहे. नजारा छान आहे दाजी, म्हणाला होता. लबाड!
फोन करून शेवटच्या दिवसासाठी जागांची अदलाबदल मागितली. त्यानं आधी विचारलं, टेकडी सोडताय? मग म्हणाला, नक्की ना? त्याची घबराट स्पष्ट ऐकू आली.

शनिवार, २९.
गुडघा. विश्रांती. फ्रीझर पुसून ठेवला. सॉसेजं डावीकडे ठेवावीत, असं इडेलाला सुचवलं.

रविवार, ३०. रात्री ८.
पहाटेपासून अंधार पडेपर्यंत एल्डनच्या मचाणावर. त्याला गादी आहे! शिस्तीत बसलो. कविता नाही, खोकला नाही. खाली दलदल, वर काही दिसत नाही, सुचायला काही नाही.
एक हरीण आलं नाही. एक खारसुद्धा नाही.
एल्डन टेकडीवरून हात हलवत उतरला. तोही रिकामा. वाटलं, बरी जिरली.
मग तो म्हणाला, दाजी, सांगणार नव्हतो. हरणं टेकडीवरच रात्र काढतात. सकाळी तुम्ही गळा काढता, ती घाबरून खाली येतात आणि मी नुसता बसलेला असतो. आज मीही म्हणून बघितलं, पण मला पहिल्या दोनच ओळी येतात.
घरी येऊन इडेलाला विचारलं, तुला हे ठाऊक होतं? ती म्हणाली, अहो, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण तुम्ही तिथून इतके खुशीत येता, कोण सांगणार?
एल्डन म्हणाला, निम्मं मांस तुमच्या हक्काचं आहे, फ्रीझर इथेच राहू दे. मी बाणेदारपणे नको म्हणालो. साडेसहाला फ्रीझर पिकअपमध्ये चढला. खालची बाजू मी धरली होती.
जाताना त्यानं काच खाली करून विचारलं, पुढच्या वर्षी टेकडीवर बसाल ना, दाजी? तुमच्याशिवाय जमायचं नाही. विचार करून कळवतो, म्हणालो. माणसाला आपली किंमत कळू द्यावी.
इडेला दारातून ओरडली, बसतील रे, बसतील! आणि उद्या मी पातेलं घेऊन येते, रस्सा जास्त घाल.