तिसऱ्या डोसनंतर ताप आला नाही

निपाणी,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. उपासना हिस,
सप्रेम जयभीम.

इकडे ठीक आहे. आईंच्या डोळ्याची पट्टी निघाली. आता चष्मा लावून पेपर वाचतात आणि मला दिसत नाहीत त्या चुका काढतात. थंडी अजून म्हणावी तशी नाही.

फोन असताना दाजी पत्र का लिहितात, असं तुला वाटेल. या महिन्यात मी तुला चार वेळा फोन केला. चारही वेळा आईंच्या डोळ्याबद्दल बोललो आणि ठेवून दिला.

परवा तू आईंना राजीनाम्याचं सांगितलंस, तेव्हा फोन स्पीकरवर होता. येत्या सोमवारी तुमची बैठक आहे आणि तुमच्या औषधाची चाचणी पुढे न्यायची की बंद करायची ते तिथे ठरणार, हेही मी ऐकलं. आई म्हणाल्या, "एवढं शिकून सोडतीस व्हय गं?" तू म्हणालीस, "आक्कालाच लागू पडलं न्हाय, आता कुणासाठी करू?" मी शेजारी जेवत होतो. ताटावरून उठता आलं नाही.

मे महिन्यात तू आमच्या स्वयंपाकघरात बसून जे समजावलंस ते मला पाठ आहे. अख्खी अँटीबॉडी मोठी असते, तुम्ही तिची फक्त पकडणारी टोकं घेता आणि अशी दोन टोकं जोडता. एक गाठीच्या पेशीला धरतं, दुसरं शरीराच्या रक्षक पेशीवरच्या रिसेप्टरला. दोन्ही धरली गेली तरच रक्षक पेशी जागी होते, एरवी नाही. सुविधा म्हणाली, "म्हंजे कोगनोळी नाक्यावरचा पोलीस. नेमकी गाडी आली की तेवढ्यापुरता उठवायचा." तू म्हणालीस, "आक्का, हेच सायबाला सांगायला मला चाळीस स्लाइडी लागल्या." "मग पगार हिकडं पाठीव," ती म्हणाली. त्यानंतर ती एवढी हसल्याचं मला आठवत नाही.

चाचणीतल्या पहिल्या डोसनंतर तिला तीन दिवस ताप होता. बंगळूरचे डॉक्टर म्हणाले, हे अपेक्षित आहे, पेशी जाग्या होत आहेत. तूही तेच सांगितलंस. दुसऱ्या डोसनंतर ताप घरी आल्यावर चढला. एकशे दोनच्या खाली येईना. हाडं ठणकायची. ती मला म्हणाली, "आवं, हे जागं हुणं लई वाईट असतंय." स्कॅनमध्ये गाठ थोडी कमी दिसली होती, तू फोनवर रडलीस, ते सगळं मला कळत होतं. पण तिचं कण्हणं मला ऐकवेना.

आमच्या ऑफिसातला परशराम गुडघ्यासाठी खानापूरकडच्या जंगलाकाठच्या एका माणसाकडून चूर्ण आणायचा. एका रविवारी मी त्याच्याबरोबर गेलो आणि पुड्या घेऊन आलो. सुविधा म्हणाली, "उपासनाला इचारूया का?" मी म्हणालो, "मुळ्याच हाईत. तिला कशाला तरास?"

दोन दिवसांत ताप उतरला. तिनं भाकरी मागून खाल्ली. पंधरवड्यात चेहरा भरून आला. तो फोटो मी तुला पाठवला, आणि लॅबमध्ये सगळ्यांना दाखवल्याचं तू कळवलंस. तो चेहरा तुझ्या औषधानं भरलेला नव्हता.

तिसऱ्या डोसनंतर ताप आला नाही. मला आनंद झाला होता. त्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध, काढा, चूर्ण चालू आहे का? मी कानडीत नाही म्हणालो, "इल्ला, सर." फॉर्मवर तोच प्रश्न होता, तिथेही तेच लिहून सही केली. फॉर्म कानडीत होता, मराठी माणसाला काय समजणार, असं मी नंतर स्वतःला बरेच दिवस सांगितलं. मी दिवसभर कानडीतच टिपणं लिहितो, उपासना. मला सगळं समजलं होतं. सांगितलं तर तिला चाचणीतून काढतील, याची भीती वाटली. पुढे गाठ पुन्हा वाढली आणि ती गेली, ते तुला माहीतच आहे.

ऑक्टोबरात परशराम साखर वाढून दवाखान्यात पडला. तिथल्या डॉक्टरांनी त्याचं चूर्ण तपासायला पाठवलं. त्यात स्टिरॉइड निघालं, भरपूर. मी परशरामला भेटायच्या निमित्तानं गेलो आणि डॉक्टरांना विचारलं, यानं रक्षक पेशींचं काय होतं? ते म्हणाले, "झोपतात. म्हणून तर ताप आणि दुखणं जातं."

हे कळून आज तेवीस दिवस झाले. तेवीस दिवस तू स्वतःला दोष देत होतीस आणि मी तुझ्याशी डोळ्याच्या थेंबांबद्दल बोलत होतो.

माझ्या पुड्या नसत्या तर ती वाचली असती का, हे मला सांगू नकोस. नाही, सांग. पण बैठकीनंतर सांग. आधी हे पत्र त्या लोकांपुढे ठेव. सोबत उरलेल्या अकरा पुड्या आणि परशरामच्या रिपोर्टची झेरॉक्स आहे. तिच्यामागे चाचणीत आणखी माणसं असतील. त्यांच्या घरी कुणी तापाची वाट बघत बसलं असेल. माझ्यामुळे ते बंद होऊ देऊ नकोस. सोडायचं असेल तर मला सोड, काम नको.

आईंना मी आज संध्याकाळी सांगतो. तू सांगू नकोस, ते माझंच काम आहे.

बैठकीत वाचायला सोपं जावं म्हणून खाली वेगळं लिहून देतो.

मी, भीमरत्न सत्याप्पा कोलकार, राहणार निपाणी, लिहून देतो की माझी पत्नी सुविधा हिला जुलै महिन्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत मी रोज दोन वेळा स्वतःच्या हातानं ते चूर्ण दिलं आणि चाचणीच्या डॉक्टरांपासून ते लपवलं. ती दोनदा नको म्हणाली होती. मी तिचं ऐकलं नाही.

भीमरत्न स. कोलकार
(मयताचा नवरा)