कालची टोपली

३ नोव्हेंबर, अमरावती
आमची बोलींची साइट सांभाळणारा माणूस नोकरीसाठी हैदराबादला गेला. जाताना सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड कागदावर लिहून दिला, हे त्याचे उपकार. एकोणचाळीस माणसांचे आवाज आहेत तिथे. गावोगाव जाऊन घेतलेले. शेत, बाजार, चूल, ज्याची जशी बोली तशी. निवृत्तीने कॉलेज सुटले, हे काम राहिले. आता सांभाळणारी मीच.
वैशालीला फोन केला. बी.ए.ची माझी विद्यार्थिनी. अकोल्याला जठारपेठेत राहते, घरूनच दुकानांच्या साइट बघते. म्हणाली, "मॅडम, करून नाही देत. शिकवते."

५ नोव्हेंबर
पहिला धडा, फोनवर. काळी खिडकी, एक लुकलुकती रेघ. माउसचा उपयोग नाही. pwd लिहायचे, म्हणजे मी कुठे आहे. मग ls, इथे काय काय आहे. हे दोन विचारल्याशिवाय तिसरे काही करायचे नाही.
हुकूम बरोबर असला की यंत्र काहीच बोलत नाही. चुकला तरच बोलते. मी घाबरून तेच तेच लिहीत बसले. वै. हसली. "गप बसलं म्हनजे झालं काम. आमच्या बाबासारखं हाय थे."
मला आवडले हे यंत्र.

९ नोव्हेंबर
cp म्हणजे प्रत काढणे. rm म्हणजे पुसणे. इथे कचऱ्याची टोपली नाही, पुसले ते गेले.
वै.ने आईचा नियम सांगितला. कमळाबाई फुले विकत. सकाळी कालची टोपली उलटी करत नसत. मळ्यातून आजची फुले आली, उघडली, हाताने पाहिली, की मगच. रस्त्यात गाडी बंद पडली तर गिऱ्हाइकाला कालचा तरी हार मिळावा. "पहिले प्रत, मॅडम. मंग थे उघडून पाहाची. मंग पुसाचं."
मला हे नवे नव्हते. कमळाबाईंनीच सांगितले होते, माझ्या रेकॉर्डरपुढे, ओट्यावर बसून, सुई न थांबवता. एकोणचाळिसांतला तो एक आवाज. बाई जाऊन दोन वर्षे झाली.

१४ नोव्हेंबर
एकटीने एका पानावरची चूक सुधारली, वेब सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. साइट उघडली. कुणाला कळलेही नाही. कुणाला तरी सांगावेसे वाटले, पण काय सांगणार. पोहे केले, दोनदा घेतले.

१८ नोव्हेंबर
df -h, डिस्कवर जागा किती. जवळजवळ नाहीच. अकोटच्या जिनिंगमध्ये कापसाचा वजनकाटा सांभाळणाऱ्या काकांचे नवे रेकॉर्डिंग चढेना. वै. म्हणाली रविवारी मिळून पाहू, तोवर हात लावू नका.

१९ नोव्हेंबर
हात लावला.
दोन फोल्डर, avaj आणि june, म्हणजे 'आवाज' आणि 'जुने'. दोन्हींत ls केले. तीच नावे, तोच क्रम. आयुष्यभर मुद्रिते तपासली. तोच मजकूर दोनदा दिसला की माझा हात थांबत नाही. june पुसले. यंत्र काही बोलले नाही.
साइट उघडली. नावे दिसतात. आवाज एकही लागत नाही.

२० नोव्हेंबर
नेटवर वाचून कळले. avaj ही नुसती पाटी होती, june कडे बोट दाखवणारी. मी माल पुसला, पाटी ठेवली.
दुसरी प्रत नाही. रेकॉर्डरचे कार्ड दर वेळी पुसून वापरले. जुना लॅपटॉप गेला. सर्व्हरची आपोआप निघणारी प्रत कधीतरी बंद झालेली दिसते.
वै.चा फोन आला. उचलला नाही. मागे एकदा म्हणाली होती, आईचे फोटो ढीगभर आहेत, पण बोलणे फक्त मॅडमकडे.
हे फोनवर सांगायचे नाही.

२१ नोव्हेंबर, अकोला
बडनेऱ्याहून सकाळची गाडी. जठारपेठेत पोचले तेव्हा वै.ने चहा ठेवला होता. चहाच्या आधी सांगितले. तिने गॅस बंद केला. चहा गाळला. कप माझ्यापुढे ठेवला. स्वतःला घेतला नाही.
"निबंधातले परिच्छेद बी तुमी असेच कापत होत्या, मॅडम. विचारत नव्हत्या."
खरे आहे.
पुसल्यानंतर सर्व्हरवर काय काय लिहिले, ते तिने विचारले. काहीच नाही. ते एक बरे केले म्हणाली, वर नवे लिहिले नसेल तर पुसलेले कधीकधी परत मिळते. दुपारपर्यंत खटपट केली. मिळाले नाही.
मग तिलाच आठवले. "तुमी सगळ्याइले पेन ड्राइव्ह देत होत्या ना?"
देत होते. ज्याचा आवाज, त्याच्या घरी एक प्रत. माझी मीच विसरले होते. कमळाबाईंचा पेन ड्राइव्ह मुलाकडे, प्रमोदकडे होता. फुलांचे दुकान आता तोच चालवतो. त्याला फोन लावला. म्हणाला, शोधतो, पण मधे दुकानात पाणी शिरले होते.
वै. स्टेशनवर सोडायला आली. गाडी आल्यावर म्हणाली, सोमवारी फोन करा, शिकवणं राहिलं हाय.

२६ नोव्हेंबर, अमरावती
रोज सात-आठ घरी फोन. कौंडण्यपूरच्या शांताबाई यात्रेत दुकान लावायच्या. त्यांच्या सुनेने पेन ड्राइव्ह देवघरात ठेवला होता. हळदीकुंकवासकट आला. झटकला, उघडला. अकोटहून एक पाकीट एसटीच्या कंडक्टरबरोबर आले, वर फक्त 'मॅडम' आणि माझा नंबर.
दर्यापूरकडच्या एका शेतकऱ्याने विचारले, "काहून बाई, तुमचा हरपला का?" हो म्हटले. "बरं झालं मंग, आमाले देऊन ठेवला."
फोन ठेवला, पुढचा नंबर लावला.

२ डिसेंबर
एकवीस परत आले. प्रत्येकाचे तेच. pwd, ls, cp, मग उघडून शेवटपर्यंत ऐकायचे. माणसे पुन्हा भेटतात. वै. फोनवर असते, टाइप मलाच करायला लावते. "चुकसान तं चुका. मी हाय."
आईचे तिने विचारले नाही. मीही नाही.

७ डिसेंबर, अकोला
प्रमोदला सापडला. सुयांच्या डब्यात, दोऱ्याच्या रिळाखाली. टोक गंजलेले. दुकानातच बसलो आहोत तिघे. वै.ने टोक घासले, लॅपटॉपला लावला. तिसऱ्या खेपेला लॅपटॉपवर दिसला. ls केले. एकच फाइल, kamalabai. आकार पुरा आहे. आत आवाज आहे का, ते ls सांगत नाही.
प्रमोद म्हणाला, लाव ना. वै. नाही म्हणाली. गंजलेला आहे, एकदाच चालेल कदाचित. पहिले प्रत. लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.
"मी?"
"तुमीच."
एकेक अक्षर वाचून एंटर दाबला.
प्रत निघते आहे, म्हणून हे लिहिते आहे. चालू असतानाही यंत्र बोलत नाही. झाले की नवी ओळ येऊन तिच्यापुढे रेघ लुकलुकते, ती अजून आलेली नाही. समोर आजचा शेवंतीचा माल उतरला आहे. कालची टोपली भिंतीशी तशीच आहे. प्रमोद आताच ती उलटी करायला उठला.
वै. रेघेवरून नजर न काढता म्हणाली, "थांब जरा."